शिट्ट्यांची पेटी आणि पायपेटी : ऑर्गन नावाच्या वाद्याकडे कसं बघावं



मागच्या खेपेला आपण परंपरा या शब्दापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, चर्चमधला ऑर्गन आपल्या परंपरेत धरायचा की त्यांच्या?" मी म्हटलं, बाबा रे, जिन्यात उभं राहून याचं उत्तर द्यायला माझे गुडघे तयार नाहीत. पुढच्या वेळी बसून बोलू. तर आज बसून बोलतो.

आधीच सांगतो, मी संगीताचा जाणकार नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. गाणं ऐकतो, पण पेटीवर बोट ठेवलं तर घरचे उठून जातात. तरीही या विषयावर बोलावंसं वाटतं, कारण त्या मुलाच्या प्रश्नात एक सवय लपलेली आहे. वस्तू कुठून आली ते विचारायचं आणि त्यावरून ती कोणाची ते ठरवायचं. तर्कशास्त्रात आम्ही याला उगमाचा दोष म्हणतो. गोष्ट कुठे जन्मली यावरून ती खरी की खोटी, चांगली की वाईट, आपली की परकी हे सिद्ध होत नाही. ऑर्गनचा इतिहास हा या दोषावरचा उत्तम धडा आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. माझ्या पिढीतल्या मराठी घरात 'ऑर्गन' म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन डोळ्यांपुढे यायचा. रंगमंचाच्या पुढ्यात ठेवलेली, पायांनी भाता हलवायची ती उंच पेटी. पडदा वर जायच्या आधी तिचा सूर भरला की अंगावर काटा यायचा. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की चर्चमध्येही हेच वाद्य असतं. मग तरुणपणी मुंबईच्या एका जुन्या चर्चमध्ये खरा पाइप ऑर्गन ऐकला. तो नुसता कानांनी ऐकू येत नाही हो. बाकावर बसलेल्या माणसाला तो तळपायातून, फरशीतून कळतो. तेव्हा समजलं की नाव एक असलं तरी ही दोन वाद्यं आहेत.

नाटकातल्या ऑर्गनमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, पेटीवाले त्यांना नुसतं 'सूर' म्हणतात. हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात. पाइप ऑर्गनमध्ये खरोखरच्या नळ्या असतात. शेकडो, मोठ्या वाद्यात हजारो. बहुतेक नळ्या म्हणजे आपल्या शिट्टीचंच मोठं रूप. काही बोटाएवढ्या, काही सोळा फूट लांब. खाली मोठा भाता, वर हवेची पेटी, पुढे स्वरपट्ट्या आणि पायांखालीही स्वरपट्ट्या. पट्टी दाबली की त्या नळीची झडप उघडते, आणि बोट उचलेपर्यंत सूर तसाच राहतो. सतारीचा सूर छेडल्यावर मरत जातो, माणसाचा दम संपतो. इथे हवा आहे तोवर सूर आहे. हे वाद्य चर्चमध्ये ठेवलेलं नसतं, ते चर्चमध्ये बांधलेलं असतं. इमारतीची घुमण्याची ताकद हासुद्धा त्याचाच एक भाग.

चर्चचं वाद्य, पण कधीपासून?

आता उगमाचं बघू. हे चर्चचं वाद्य आहे असं आपण गृहीत धरतो. पण त्याचा पहिला अवतार ख्रिस्ताच्या आधीचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअस नावाच्या यंत्रकारानं पाण्याच्या दाबावर हवा स्थिर ठेवणारं वाद्य बनवलं. रोमन लोकांनी ते आखाड्यात नेलं. ज्या आखाड्यात माणसं मरायची, तिथे ते वाजायचं. सुरुवातीच्या चर्चला त्याच्याबद्दल प्रेम असण्याचं कारणच नव्हतं. पुढे ते बायझँटिअमच्या दरबारात सम्राटाच्या थाटाचं वाद्य झालं. सन ७५७ मध्ये तिथल्या सम्राटानं फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन नजराणा म्हणून पाठवला. हत्ती पाठवावा तसा. चर्चमध्ये तो नीट रुजला त्याच्याही नंतर.

आणि रुजल्यावर तरी सुखानं नांदला का? झुरिकमध्ये धर्मसुधारकांनी १५२७ मध्ये मुख्य चर्चचा ऑर्गन उतरवला. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १६४४ मध्ये चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. स्कॉटलंडमध्ये तर प्रेस्बिटेरियन लोकांनी त्याला एक झकास शिवी दिली होती : 'शिट्ट्यांची पेटी'. बघा, पेटी हा शब्द त्यांनाही तुच्छतेसाठीच सुचला आणि आपल्याकडेही 'पेटी' आधी थोडी नाक मुरडूनच म्हटली गेली. ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये १८०७ साली उपासनेत ऑर्गन वाजवला, तर दोन महिन्यांच्या आत धर्ममंडळानं तो बंद पाडला.

त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. देवाची स्तुती माणसाच्या कंठातून झाली पाहिजे, यंत्रानं केलेली स्तुती ही स्तुतीच नव्हे. मग ते गात कसे? सूर लावून देणारा एक माणूस पुढे उभा राहायचा, तो ओळ म्हणायचा आणि मंडळी ती उचलायची. आता तुम्ही म्हणाल, सर, हे तर आपलं भजन झालं! पुढचा म्हणतो, टाळकरी झेलतात. खरं आहे. एडिंबरोचा कडवा प्रेस्बिटेरियन आणि आपला वारकरी या एका बाबतीत शेजारी बसू शकले असते.

नागपूरची गोष्ट

हे सगळं नागपूरशी कसं जोडलंय ते सांगतो. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं, खालसा व्हायला अजून नऊ वर्षं होती. आपण हिस्लॉपना दगडांचे अभ्यासक म्हणून ओळखतो, गोंडांविषयी लिहून ठेवणारे म्हणून ओळखतो. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना ते नाल्याच्या पुरात गेले, हेही आपल्याला माहीत असतं. पण ते ज्या पंथाचे होते तो फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड, म्हणजे १८४३ मध्ये मूळ चर्चमधून बाहेर पडलेली मंडळी. आणि या फ्री चर्चमध्ये उपासनेला वाद्य चालत नव्हतं. ऑर्गन नाही, काही नाही. नागपूरच्या पहिल्या मोठ्या मिशनरीच्या धर्मात ऑर्गनला जागा नव्हती.

हिस्लॉप गेले त्याच १८६३ साली एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये हार्मोनियम आलं, दोन वर्षांनी ऑर्गन आला. त्यावरून मोठा गहजब झाला. ते मूळ चर्चमध्ये. फ्री चर्चनं परवानगी द्यायला १८८३ उजाडलं. आणि १८८३ म्हटल्यावर नागपूरकराच्या कानात काय वाजतं? हिस्लॉप कॉलेज! त्याच साली आपलं कॉलेज सुरू झालं. दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही, योगायोग आहे. पण लक्षात ठेवायला फार सोयीचा योगायोग.

याच गावात दुसरा ख्रिस्ती पंथही होता, इंग्रज अधिकाऱ्यांचा अँग्लिकन. सदरचं ऑल सेंट्स १८५१ चं. जी. एफ. बॉडली या नामवंत इंग्लिश वास्तुकाराच्या आराखड्यानं ते १८७९ मध्ये वाढवलं गेलं. पुढे १९०३ मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाला, आयर चॅटरटन, आणि ते कॅथीड्रल झालं. बॉडली ज्या विचाराचे होते त्यात ऑर्गन, गायकवृंद, रंगीत काचा, कोरीव लाकूड हे सगळं उपासनेचं अंग मानलं जाई. म्हणजे एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर, एकाच धर्माचे दोन पंथ. एकाला ऑर्गन म्हणजे भक्तीचा कळस, दुसऱ्याला कालपरवापर्यंत पाखंड. आता सांगा, ऑर्गन 'त्यांचा' म्हणताना 'ते' म्हणजे नेमके कोण?

उन्हाळ्याची परीक्षा

आता एक अगदी नागपुरी मुद्दा. पाइप ऑर्गनचा सूर नळीतल्या हवेवर ठरतो आणि हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगानं जातो. नळीची लांबी तीच, वेग वाढला, म्हणून सूर चढतो. आता आपला हिशेब मांडा. जानेवारीतली पहाट ११ अंश, मे महिन्यातली दुपार ४५ अंश. गणित केलं तर सूर सुमारे ५.८ टक्के चढतो. आणि शेजारच्या दोन स्वरपट्ट्यांमधलं अंतर किती असतं? जवळजवळ ६ टक्के! म्हणजे जानेवारीतली पांढरी एक मे महिन्यात काळी एकच्या दारात जाऊन उभी राहते. चर्चच्या जाड भिंती तापमानातला हा फरक पुष्कळ कमी करतात हे खरं, पण प्रवृत्ती हीच. बरं, सगळ्या नळ्या एकसारख्या चढल्या असत्या तरी चाललं असतं. त्याच वाद्यात काही नळ्यांच्या तळाशी पितळी जिभा असतात, त्या उष्णतेत जागच्या फारशा हलत नाहीत. म्हणजे एकाच वाद्याची निम्मी मंडळी वर आणि निम्मी खाली.

त्यात एप्रिलच्या झळांनी लाकूड आकसतं, जुलैत फुगतं. भात्याचं कातडं कडक होतं, वाळवी असतेच. झडप अडकली की न दाबलेला सूर वाजतच राहतो. प्रार्थना संपली तरी तो थांबत नाही. इंग्लंडच्या थंड हवेत घडवलेलं एकोणिसाव्या शतकातलं वाद्य आपल्याकडे आणणं म्हणजे त्याच्यासाठी एक माणूस कायमचा नेमणं.

आणि त्या माणसाबद्दल इतिहास काय सांगतो? काहीच नाही. जुन्या ऑर्गनचा इतिहास कसा लिहितात ते बघा. कारागीर कोण, देणगी कोणी दिली, कोणाच्या स्मरणार्थ, पहिला वादक कोण, नळ्या किती. पण विजेचे पंखे येण्यापूर्वी कोणीतरी मागे उभं राहून भाता ओढत होतं. वादकाचा हात स्वरावर, पण श्वास या दुसऱ्या माणसाचा. त्याचा हात थांबला की सगळं स्तोत्र गळ्यातल्या गळ्यात मरायचं. पितळी पाटीवर त्याचं नाव सहसा नसतं. माझी या इतिहासलेखनावरची पहिली तक्रार हीच आहे. त्यात नळ्यांची मोजणी असते, फुफ्फुसांची नसते.

धाकटी बहीण

मग आपल्याकडे घराघरांत पोचली ती धाकटी बहीण, पितळी सुरांची. पॅरिसच्या देबॅंनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. आकार कपाटाएवढा, किंमत आवाक्यातली, आणि उन्हाळ्यात सूर जवळजवळ जागचा हलत नाही. ज्या मिशनला नळ्यांचा ऑर्गन परवडत नव्हता तिला हे वाद्य सोयीचं झालं. गंमत म्हणजे अशी मोकळी थरथरणारी पट्टी युरोपच्या कितीतरी आधी चीनमध्ये, शेंग नावाच्या वाद्यात होती. तेव्हा उगम शोधायचाच हट्ट असेल तर पूर्वेकडे वळा.

नंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन'सारख्या पेढीनं त्याचे पाय काढले, भाता मागे हाताशी आणला आणि वाद्य जमिनीवर बसवलं. आपण जमिनीवर बसून गातो, म्हणून वाद्यानंही मांडी घातली. मराठी रंगभूमीनं मात्र पायांची पेटी ठेवली. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ. ही नावं ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत त्यांना मी आणखी काय सांगू?

आता माझा मुख्य मुद्दा. चर्चमधला ऑर्गन आणि नाटकातला ऑर्गन यांच्यातला खरा फरक नळी आणि पट्टी हा नाही. चर्चमधला ऑर्गन पुढे चालतो. समोर दोनशे माणसं, त्यातली दीडशे बेसुरी. त्यांना एका सुरात, एका लयीत ओढून न्यायचं आहे. म्हणून त्याला ताकद हवी, ठामपणा हवा, न हलणारा सूर हवा. नाटकातला ऑर्गन मागे चालतो. पुढे एकच कंठ, तयार, लहरी, कुठे वळेल सांगता येत नाही. वादकाची सगळी कसोटी त्या वळणामागून वळण्यात. मींड त्याला घेता येत नाही, तरी ती घेतल्याचा भास तो करून देतो. शेवटी तेच स्वर, तीच हवा, पण माणसाच्या आवाजाशी असलेलं नातं बरोबर उलटं झालं. वाद्य आपलं झालं ते इथे, या नात्यात. त्याचे पाय कापले तेव्हा नव्हे.

नारायण वामन टिळकांना हे कळलं होतं असं मला वाटतं. काही काळ ते नागपुरात राहिलेले, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. मराठी ख्रिस्ती माणसानं इंग्रजी चालीत कसरत करत गावं हे त्यांना रुचलं नाही. त्यांनी अभंग लिहिले, भजन-कीर्तनाची वाट धरली. त्यांचं भांडण वाद्याशी नव्हतं. आवाज कोणाच्या मागून चालतो, याच्याशी होतं.

बंदी आणि तिची समीक्षा

या कसोटीवर एक प्रसिद्ध निवाडा तपासू. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप दोन. एक, हे परदेशी. दोन, याचे बारा स्वर समान अंतरावर ठोकून बसवलेले, त्यात श्रुती नाहीत, मींड नाही. पहिला आक्षेप मी आत्ताच निकालात काढला. दुसरा मात्र खरा आक्षेप आहे, कारण तो वाद्य काय करतं याबद्दल बोलतो. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हा आक्षेप गंभीरपणे घेतला. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी बावीस श्रुतींची पेटी करून पाहिली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मान्य झाली नाही, तरी वाद घालण्याची रीत मात्र ती होती. बंदी घालणं ही वाद घालण्याची रीत नव्हे.

पण पेटीच्या बाजूनं बोलताना आपणही अर्धंच सांगतो. पेटी आली तिथून सारंगी हळूहळू उठली. सारंगी शिकायला वर्षं जातात, लावायला अर्धा तास लागतो. पेटी उघडली की सूर तयार. सारंगी वाजवणारी घराणी मागे पडली, त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. इंग्लंडच्या खेड्यातही हेच घडलं होतं. चर्चच्या माडीवर फिडल आणि क्लॅरिनेट वाजवणारे गावकरी होते, एकोणिसाव्या शतकात ऑर्गन आणि हार्मोनियम आलं आणि ते घरी बसले. टॉमस हार्डीची 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही १८७२ ची कादंबरी याच दुखण्याची आहे. डॉर्सेटचा फिडलवाला आणि आपला सारंगिया, दोघांची तक्रार एकच. ती तक्रार 'परदेशी' या शब्दात मावत नाही. म्हणून म्हणतो, खोटा आक्षेप घेतला की खऱ्या आक्षेपाला बोलायला जागा उरत नाही. बंदीवाल्यांनी पेटीचं कूळ विचारलं. उठून गेलेल्या माणसाबद्दल त्यांनी विचारायला हवं होतं.

रथ आणि ऑर्गन

शेवटचा मुद्दा जतनाचा. समजा एखाद्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकातला ऑर्गन आहे. कातडं तीनदा बदललं, नळ्या निम्म्या नव्या, भात्याच्या जागी विजेचा पंखा. हा एकोणिसाव्या शतकातला ऑर्गन म्हणायचा का? दीक्षाभूमीच्या या शहरात 'मिलिंद प्रश्न' वाचलेले पुष्कळ जण बसले आहेत. नागसेन राजाला विचारतात, रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. रथ हे त्या सगळ्या जुळणीचं व्यवहारातलं नाव. ऑर्गनही तसाच आहे. मी त्या यादीत आणखी काही घालीन. वाजवणारा, सूर लावणारा, हवा भरणारा आणि त्याच्यामागून गाणारी मंडळी. हे सगळे मिळून ऑर्गन.

म्हणून नळ्यांना पॉलिश करून, दोरी बांधून, 'स्पर्श करू नये' अशी पाटी लावली म्हणजे ऑर्गन जपला असं मला वाटत नाही. न वाजवलेला ऑर्गन वाजवलेल्या ऑर्गनपेक्षा लवकर मरतो. हे मी अलंकारिक बोलत नाही, कातडं आणि झडपा वापराविना आखडतात. पैसे असतील तर अर्धे दुरुस्तीला द्या, अर्धे दोन मुलांना ते वाद्य शिकवायला द्या. एक सारंगी शिकणाराही शोधा, त्याचंही देणं आहे आपल्यावर.

*(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातला एक येथे देत आहोत.)*

प्रश्न : सर, आता छोट्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर चर्च ऑर्गनचा हुबेहूब आवाज मिळतो. मग एवढा खर्च कशासाठी?

उत्तर : मिळतो, आणि ज्या मंडळीकडे पैसे नाहीत तिनं तो जरूर वापरावा. मी नाक मुरडणार नाही, नाहीतर बंदीवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसेन. पण 'हुबेहूब' कोणाच्या सारखं, हे कळायला मूळ आवाज कुठेतरी वाजता असायला हवा. आणखी एक. मे महिन्यात तुमच्या की-बोर्डचा सूर चढत नाही. नळ्यांचा चढतो. आम्हाला उकडतं तेव्हा त्या वाद्यालाही उकडतं. एवढं सोसून जे वाद्य आपल्यात राहतं, त्याला 'कुठून आलास' असं किती पिढ्या विचारत राहायचं?

जिन्यात प्रश्न विचारणारा तो मुलगा आज आलाय, मागे बसलाय. त्याला माझं उत्तर एवढंच : ऑर्गन कोणाचा, हे ठरवण्याआधी येत्या रविवारी जाऊन ऐकून ये. आणि वाजवून झाल्यावर मागच्या बाजूला जा, हवा कोण भरतं ते बघ.